निळं पिंप : 816 तास

शेवट आधीच सांगतो. 816 तासांनी 24 वर्षांचा एक मुलगा जातो. त्याला मारणारी डासाची मादी पहिल्या तासाला काळ्या ठिपक्याएवढं कोरडं अंडं असते.

चाळ मोशीच्या बाजूची. दहा खोल्या, प्रत्येक दाराशी पाणी साठवायचं काही ना काही. चाळीला आणि मुलाला मी नाव दिलेलं नाही, कारण हा घटनाक्रम कुणा एकाचा नाही. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत दर पावसाळ्यात जे होतं, त्यातून तो जुळवला आहे. अंडं, अळी, कोष आणि विषाणू यांना लागणारा वेळ मात्र जुळवलेला नाही. तो प्रयोगशाळांत पुन्हा पुन्हा मोजला गेलेला आहे.

शनिवार, संध्याकाळी 6.30. गणती सुरू व्हायची आहे.

मुलगा भंगाराच्या दुकानातून 200 लिटरचं जुनं निळं पिंप आणतो. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर 2019 पासून पाणी दिवसाआड येतं. खोलीत तिघं राहतात, बादल्या पुरत नाहीत.

तो पिंपात हात फिरवतो. तोंडापासून वीतभर खाली बोटांना बारीक खर लागते. धूळ असेल. तो दोन तांबे पाणी फिरवून ओततो. घासणी शोधायला जात नाही, कारण काळोख पडत आलेला असतो.

ती खर म्हणजे एडिस इजिप्ती डासाची अंडी. मादी ती पाण्यात घालत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीला चिकटवते. घालताना पांढरी असतात, काही तासांत काळी होतात. दोन-तीन दिवसांत आत अळी तयार होते आणि तशीच थांबते. पाणी आटलं तरी अंडं मरत नाही, कोरड्यात कित्येक महिने टिकतं. जुने टायर आणि जुनी पिंपं यांच्याबरोबर हा डास जगभर पोचला. अंडी विसळून निघत नाहीत. घासावी लागतात.

पहिला सोमवार, पहाटे 5.50. उरले 816 तास.

नळाला पाणी येतं. मुलगा पाइप पिंपात सोडतो आणि दात घासायला जातो.

6.25 ला पाणी खरेच्या पट्ट्यापर्यंत चढतं. बुडालेल्या अंड्याभोवतीचा प्राणवायू कमी होतो. आतल्या अळीला तोच इशारा असतो. अंड्याचं टोपण फुटतं आणि मिलिमीटरभर लांबीची, जेमतेम दिसेल अशी अळी बाहेर येते. काही अंडी आज फुटत नाहीत, ती पुढच्या भरणीची वाट पाहतात.

6.40 ला पिंप काठोकाठ भरतं. झाकण बसतं, पण पाइपासाठी कापलेली फट उघडी राहते.

पहिला बुधवार, पहाटे 5.50. उरले 768 तास.

पुन्हा पाणी. पिंपातलं साठेक लिटर वापरलं गेलेलं आहे, तेवढंच वरून भरलं जातं.

माझ्या मते सगळ्या घटनाक्रमाचं मूळ इथे आहे. दिवसाआड पाणी येणाऱ्या घरात पिंप कधी रिकामं होत नाही. तळाशी दीडशे लिटर असताना ते ओतून, पिंप घासून, पुन्हा भरा, असं सांगणं सोपं आहे. पाणी उद्या आलं नाही तर काय, याचं उत्तर सांगणाऱ्याकडे नसतं. अळीला लागतात आठ-नऊ दिवस, आणि ती असलेलं पाणी आठ-नऊ दिवस कुणी टाकत नाही.

अळीने आतापर्यंत एकदा कात टाकली आहे. अजून दोनदा टाकेल, मग चौथ्यांदा टाकून कोष होईल. ती शेपटाकडची श्वासनळी पृष्ठभागाला लावून डोकं खाली करून लटकते आणि पाण्यातले सूक्ष्मजीव, कुजकं खाते.

पहिला गुरुवार, सकाळी 11.20. उरले 738 तास 30 मिनिटं.

महापालिकेच्या सर्वेक्षणातल्या ताई चाळीत येतात. टॉर्च, वही, खडू. आठ दारांशी झाकणं उघडून होतात. एका कुंडीखालच्या ताटलीत अळ्या सापडतात, ताटली उपडी केली जाते.

निळ्या पिंपाच्या झाकणावर बादली, पाट आणि सेफ्टी शूज ठेवलेले. आज कारखान्याला सुट्टी, मुलगा आत झोपलेला.

शेजारच्या काकू म्हणतात, “त्याला नका उठवू ताई. काल डबल ड्युटी केलीये पोरानं.”

ताईंना अजून बरीच घरं करायची आहेत. त्या दारावर खडूने खूण करून पुढे जातात.

पहिला रविवार, संध्याकाळी 5.30. उरले 660 तास 20 मिनिटं.

काकू भांड्यांसाठी पाणी घ्यायला झाकण उचलतात. एक क्षण पाण्यावर काहीतरी वळवळल्यासारखं दिसतं, पुन्हा पाहतात तर पाणी स्वच्छ. एडिसची अळी सावली पडली की खाली सूर मारते. झाकण उघडणं, वाकून पाहणं, मग बुडवणं, या प्रत्येक हालचालीला ती तळाकडे जाते आणि मिनिटा-दोन मिनिटांनी श्वासाला वर येते. तेवढा वेळ कुणी वाकून उभं राहत नाही.

काकू प्यायचं पाणी फडक्याने गाळतात. या पाण्याने भांडीच तर घासायची आहेत.

आठवड्यातला एक दिवस कोरडा पाळा, असं आरोग्य खातं सांगत असतं. आठवडाच का, तर अळीचा हिशेब आठवड्याहून थोडा लांब असतो. आज पिंप पालथं झालं असतं तर गणती इथेच थांबली असती.

दुसरा सोमवार, रात्री 9.00. उरले 632 तास 50 मिनिटं.

सात-आठ मिलिमीटरची अळी खाणं थांबवते आणि कोष होते. आकार स्वल्पविरामासारखा. डासाचा कोष इतर किड्यांच्या कोषासारखा निपचित नसतो, धक्का लागला की गटांगळ्या खात खाली जातो. तो काही खात नाही. म्हणून अळीनाशक आता टाकलं तरी त्याच्या पोटात जायचं कारण नाही. कवचाच्या आत अळीचं शरीर मोडून पंख, पाय आणि सोंड घडते. याला साधारण दोन दिवस.

दुसरा बुधवार, सकाळी 6.50. उरले 599 तास.

कोषाची पाठ उकलते आणि आतून डास वर सरकतो. पंधराएक मिनिटं तो स्वतःच्याच रिकाम्या कवचावर उभा असतो, पंख ओले, पाय मऊ. याच वेळात पाणी हललं तर बुडून मरतो. नर कालच निघून गेले. आज माद्या निघतात. काळ्या पायांवर पांढरे पट्टे, पाठीवर वीणेच्या आकाराची पांढरी खूण.

सव्वासातला काकू पाणी घ्यायला येतात. पिंपाच्या फटीतून चार-पाच डास उडतात. काकू हाताने वारतात.

हाच डास चिकनगुनिया पसरवतो, झिकाही. जुलै 2021 मध्ये महाराष्ट्रातला पहिला झिका रुग्ण पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला. जून 2024 मध्ये पुण्यात एरंडवण्यात रुग्ण निघाले. नमुने पुण्यातच, राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत तपासले गेले. विषाणू ओळखणारी देशातली मोठी संस्था या चाळीपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे.

दुसरा शुक्रवार, संध्याकाळी 5.20. उरले 540 तास 30 मिनिटं.

मीलन माणसाच्या आसपासच होतं, दोरीवरच्या कपड्यांजवळ, पायांजवळ. मादीच्या पंखांचा सूर सेकंदाला साधारण 400 कंपनांचा, नराचा 600 चा. जवळ येताना दोघं आपले सूर जुळवून घेतात. बहुतेक माद्या आयुष्यात एकदाच मीलन करतात आणि बीज पोटात साठवून ठेवतात. इथून पुढे तिला नराची गरज नाही. अंड्यांसाठी रक्त हवं.

दुसरा शनिवार, सकाळी 7.50. उरले 526 तास.

काकूंची मुलगी नववीत आहे. दप्तर भरताना मादी तिच्या पोटरीवर बसते.

मुलीला ताप नाही. ती ठणठणीत दिसते. पण डेंगीचा विषाणू ताप येण्याच्या आधीपासून, कधी दोन दिवस आधीही, रक्तात फिरत असतो आणि त्या रक्तातून डासाला लागतो. मादी जवळजवळ स्वतःच्या वजनाएवढं रक्त पिते आणि जड होऊन पलंगाखालच्या काळोखात जाते.

दुसरा रविवार, दुपारी 3.00. उरले 494 तास 50 मिनिटं.

मुलीला ताप भरतो. काकू तिच्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवतात. मच्छरदाणी काढत नाहीत, रात्री लावू म्हणतात. एडिस चावतो तो सकाळी उजाडल्यावर आणि संध्याकाळी सूर्य मावळायच्या आधी.

मुलगी आठवड्याने बरी होईल. बहुतेक जण होतात.

तिसरा मंगळवार, दुपारी 4.50. उरले 445 तास.

मादीच्या पोटात शंभरेक अंडी तयार आहेत. ती सगळी एका जागी घालत नाही. थोडी मागच्या टायरमध्ये, थोडी काकूंच्या फ्रिजमागच्या ट्रेमध्ये, थोडी निळ्या पिंपात, अगदी काठाशी. पिंप काल सकाळी काठोकाठ भरलेलं होतं. पुढच्या दिवसांत नळाला जोर नसतो, पाणी त्या रेषेपर्यंत पोचत नाही. अंडी काळी पडतात आणि थांबतात.

तिसरा गुरुवार, संध्याकाळी 6.30. उरले 395 तास 20 मिनिटं.

मुलीचा अहवाल डेंगीचा आला म्हणून चाळीत धूरफवारणी होते. मशीनचा आवाज आल्याबरोबर दारं-खिडक्या बंद होतात. वास सहन होत नाही, घरात तान्ही मुलं आहेत. धूर चाळीच्या बोळातून जातो. त्यात उडणारे डास मरतात. मादी खोलीत आहे, दाराच्या मागे टांगलेल्या काळ्या पँटच्या घडीत.

पाऊण तासाने दारं उघडतात. “फवारणी झाली,” असं एकमेकांना सांगितलं जातं. पिंपांकडे त्या दिवशी कुणी पाहत नाही.

चौथा मंगळवार, पहाटे 5.50. उरले 288 तास.

रक्तातून आलेला विषाणू मादीच्या आतड्याच्या पेशींत वाढला, तिथून शरीरभर पसरला, आणि आता लाळग्रंथींत पोचला. 25 ते 28 अंश तापमानात याला 8 ते 12 दिवस लागतात. पुण्याकडचा पावसाळा तेवढाच उबदार असतो.

बऱ्याच माद्या एवढे दिवस जगत नाहीत. पाल, कोळी, पंखा, हाताची चापट. ही जगली. आता मरेपर्यंत तिचा प्रत्येक चावा विषाणू सोडू शकतो.

चौथा बुधवार, सकाळी 9.05. उरले 260 तास 45 मिनिटं.

मुलाची पंधरा दिवसांची रात्रपाळी आहे. साडेसातला चाकणहून कंपनीची बस सुटते, नाशिक रस्त्याच्या गर्दीतून साडेआठला खोलीवर. चहा, दोन पाव, आणि बनियनवर आडवा.

मच्छरदाणी खुंटीला गुंडाळलेली. ती रात्रीची वस्तू आहे, आणि रात्री तो मशीनपाशी उभा असतो. रात्रपाळीचा माणूस नेमका एडिसच्या वेळात झोपतो. लाखभर कामगार जिथे पाळ्यांत राबतात, तिथे ही गोष्ट भिंतीवरच्या एकाही सूचनेत मी लिहिलेली पाहिली नाही.

मादी घोट्यावर बसते. तो झोपेत पाय पायावर घासतो. ती उठते, कोपरावर बसते. दोन चावे.

पाचवा मंगळवार, मध्यरात्रीनंतर 2.00. उरले 123 तास 50 मिनिटं.

कामावर असताना थंडी वाजून येते. डोळ्यांच्या मागे दुखतं, कंबर धरते. तो सुपरवायझरला सांगत नाही. ठेकेदाराकडचा माणूस, खाडा पडला की पगार कापला जातो. पहाटेपर्यंत तो उभा राहतो.

पाचवा मंगळवार, सकाळी 10.30. उरले 115 तास 20 मिनिटं.

मेडिकलमध्ये तो म्हणतो, “अंग फार दुखतंय, जरा स्ट्राँग द्या.” दोन रंगांच्या गोळ्या मिळतात. त्यातली एक वेदनाशामक, डेंगीत रक्तस्राव वाढवू शकते अशातली. पॅरासिटामोल पुरलं असतं.

मागच्या पावसाळ्यात गावी त्याला असाच ताप आला होता. चार दिवसांत उतरला, तपासला नाही. डेंगीच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की त्याच्यापासून संरक्षण मिळतं, पण नंतर दुसऱ्या प्रकाराची लागण झाली तर आजार गंभीर व्हायचा धोका वाढतो. हा ताप दुसरा आहे, हे कुणालाच माहीत नाही.

पाचवा बुधवार, संध्याकाळी 6.00. उरले 83 तास 50 मिनिटं.

डॉक्टर रक्त तपासायला सांगतात. डेंगीची एनएस-1 चाचणी पॉझिटिव्ह. पेशी, म्हणजे प्लेटलेट, 1,38,000, हिमॅटोक्रिट 42 टक्के. “रोज रक्त तपासा. पाणी पीत राहा. पोट दुखलं, उलट्या थांबेनात, तर लगेच या. ताप उतरला तरी या.”

शेवटचं वाक्य तो ऐकतो. लक्षात राहतात पेशी.

पाचवा शुक्रवार, सकाळी 11.00. उरले 42 तास 50 मिनिटं.

गुरुवारी तपासणी झालेली नाही. आज पेशी 72,000, हिमॅटोक्रिट 48 टक्के.

खोलीतले दोघं मित्र, काकू, गावाहून फोनवर भाऊ, सगळे एकच विचारतात : पेशी किती? कुणी पपईच्या पानांचा रस आणतं, कुणी किवी. दुसऱ्या आकड्याबद्दल कुणी विचारत नाही. हिमॅटोक्रिट वाढतं म्हणजे रक्त घट्ट होतं, म्हणजे रक्तातलं पाणी वाहिन्यांच्या भिंतीतून बाहेर झिरपू लागलेलं असतं. डेंगीने माणूस जातो तो बहुतेकदा या झिरपण्याने.

डॉक्टर ॲडमिट व्हायला सांगतात. भाऊ म्हणतो, “मी रविवारी पैसे घेऊन पोचतो, तोवर जरा दम काढ.”

पाचवा शनिवार, सकाळी 7.30. उरले 22 तास 20 मिनिटं.

ताप नाही. थर्मामीटर 98.4 दाखवतो. मुलगा उठून भिंतीला टेकून बसतो.

काकू दारातूनच म्हणतात, “उतरला ना रे बाळा? देव पावला. मऊ भात टाकते.”

भावाला फोन जातो : ताप उतरला, घाई करू नकोस. रक्ताची तपासणी आज नको, असं ठरतं. मित्र कामावर जातात.

डेंगीत ताप उतरण्याचा हा दिवस सर्वांत धोक्याचा. इथून पुढचे 24 ते 48 तास ज्याच्या वाहिन्या झिरपतात त्याला तासातासाला मोजून सलाईन लागतं. ते वेळेवर मिळालं तर शंभरातला एकही दगावत नाही.

शनिवार, दुपारी 4.00. उरले 13 तास 50 मिनिटं.

पोटात उजवीकडे दुखतं. भात उलटून पडतो. तासाभरात तीन उलट्या. तो म्हणतो, उपाशीपोटी गोळ्या घेतल्यामुळे.

शनिवार, रात्री 10.15. उरले 7 तास 35 मिनिटं.

मित्र कामावरून येतात. हात-पाय गार लागतात. ताप नसल्याची ती खूण आहे, असं त्यांना वाटतं. ते पांघरूण घालतात. सकाळपासून लघवीला एकदाच गेल्याचं तो सांगतो, कुणी विचारलं म्हणून नाही, बोलता बोलता. हिरड्यांतून थोडं रक्त.

“सकाळी नेऊ,” असं ठरतं.

रविवार, मध्यरात्रीनंतर 1.40. उरले 4 तास 10 मिनिटं.

तो बडबडतो. उठवलं तर मान टाकतो. रिक्षा. काकू सोबत निघतात. घाईत कुणीतरी पिंपातल्या पाइपाला पाय लावून जातं, पाइप पिंपातच राहतो, नळाची तोटी उघडी. नळाला आत्ता पाणी नाही, त्यामुळे ते कळत नाही.

रविवार, पहाटे 3.10. उरले 2 तास 40 मिनिटं.

रुग्णालयात रक्तदाब 98 वर 80. वरचा आकडा ऐकून मित्राला बरं वाटतं. डॉक्टर दोन आकड्यांतलं अंतर पाहतात : 18. वीसच्या आत म्हणजे रक्ताभिसरण ढासळलेलं. नाडी धाग्यासारखी. हिमॅटोक्रिट 54. दोन्ही हातांना सलाईन लागतं. शीर सापडायला वेळ लागतो.

पावणेपाचला रक्तदाब मोजता येत नाही.

रविवार, पहाटे 5.50. शून्य.

चाळीत नळाला पाणी येतं. आज जोर चांगला आहे.

मुलाच्या खोलीत कुणी नाही. शेजारच्या खोलीत मुलगी झोपलेली आहे. पिंप भरतं, पाणी कालच्या रेषेच्या वर जातं, परवाच्या रेषेच्याही वर. तोटी बंद करायला कुणी येत नाही. 6.30 ला पाणी काठाला लागतं आणि अंगणात वाहू लागतं.

काठाशी 19 दिवसांपूर्वी चिकटवलेली काळी अंडी बुडतात. काही मिनिटांत पहिल्याचं टोपण फुटतं.